उंबऱ्यात उभी नवरी

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हरेशदादाने आज स्पीकरची वायर उपटली. उपटली म्हणजे अक्षरशः — माझ्या हाताने सोल्डर केलेली!

गाळ्यात आम्ही तिघंच होतो. मी, ईश्वरी, प्रसाद. मांडवाचं टेस्टिंग चालू होतं. कोळ्यांकडून आणलेल्या जुन्या जाळ्यांचा मांडव, त्यात ईश्वरीने विणलेले बारीक एलईडी, चारी कोपऱ्यांत स्पीकर. कुणी मांडवाखाली आलं की सेन्सरला कळतं, दिवे उजळतात आणि पुतळाआत्याचा धवला, म्हणजे लग्नविधींचं गाणं, सुरू होतो. माणूस बाहेर पडला की दिवे जातात, आवाज तुटतो. कल्पना ईश्वरीची — ती शिल्पकार, नेरुळची. साउंड प्रसादचा. वायरिंग आणि कोड माझा. चौदा डिसेंबरला बेलापूरच्या हॉलमध्ये प्रदर्शन उघडतंय. आमच्या ग्रुपचं पहिलं खरं काम.

आत्या म्हणजे आमच्या पावणे गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात ती गायला लागल्याशिवाय हळदसुद्धा हलत नाही. गणपती झाले आणि तिला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. तेव्हापासून नुसतं 'आं, आं'.

हरेशदादा तिचा मुलगा. बाहेर बाइक लावत होता, त्याला आईचा आवाज आला. त्याला वाटलं ती बोलायला लागली! धावत आत आला, धापा टाकत. बघतो तर रिकामा मांडव आणि खाली उभा राहून वडापाव खाणारा प्रसाद.

"ती घरी मुकी बसलीय, आनि तुमी इकडं तिचा आवाज वाजवतांव? पुसून टाक, मने. नायतर टाला मारतो गाल्याला."

गाळा त्याचाच आहे. मारू शकतो.

१९ नोव्हेंबर

रेकॉर्डिंगच्या तीन कॉप्या केल्या. पुसणार नाही. मेले तरी नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर कंपनीत पॅनलचं वायरिंग करत होते आणि डोक्यात मे महिना.

मे महिन्यात आत्या गाळ्यात आली होती, नवी साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा. आईही आली होती सोबत. आत्याने माइककडे बघितलं, मग आमच्याकडे. "लगीन कोनाचा हाय?"

कुणाचंच नाही, म्हटलं. नुसतं रेकॉर्डिंग.

"नवरीशिवाय धवला कसा गायाचा? नाव तर घ्यायाला लागतं ना गो!"

मग तीच हसली आणि माझ्याकडे बोट केलं — "मग हीच नवरी. नायतरी हिला कोन नवरा मिलतोय!" सगळे फिदीफिदी हसले. प्रसाद तर जास्तच! आणि ती गायला लागली, आणि हसणं जागच्या जागी थांबलं. गाण्यात गावदेवाला बोलावलं, उंबराची फांदी आणली, मनस्वी नवरीला हळदीला बसवलं. माझं नाव त्या आवाजात ऐकताना अंगावर काटा आला होता. लग्नाचं नाव काढलं की मी भांडते, आणि त्या दिवशी मुकाट हळदीला बसले.

मध्येच शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर सुरू झाला. प्रसाद म्हणाला, बस आत्या, भरपूर मटेरियल मिळालं. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि तिला कुल्फी खायला घातली. तिने ती हातात वितळू दिली. मला वाटलं, दात दुखतोय.

तो आवाज आता कुठेच नाही. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये सोडून कुठेच नाही. दादाला हे कळत का नाही?

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मीच गेले. म्हटलं दादाला काय विचारायचं, आवाज आत्याचा आहे, आत्याला विचारते.

खिडकीपाशी खुर्चीत बसवली होती. मी छोटा स्पीकर स्टुलावर ठेवला आणि लावला धवला. तिने मान वळवली. डावा हात मांडीवर ठेका धरायला लागला. डोळे — काय सांगू! पाण्याने भरलेले, पण दुःखाचं पाणी नव्हतं ते. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात दादा आला. दारात बूट वाजले, मी दचकले आणि पटकन बंद केलं.

आत्या ओरडली. 'आं' नाही, किंकाळीच. डाव्या हाताने स्पीकर उडवला, तो भिंतीवर आपटला. खुर्चीतून पडायलाच आली होती, दादाने धरली. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"बगितलंस? तिला नको हाय. आता तरी पटला?"

रस्त्याने रडत आले. भाजीवाली विचारते, काय झालं गो? म्हटलं, कांदा.

२५ नोव्हेंबर

टाळा लागला. मांडव आत, स्पीकर आत, माझा बोर्ड आत, सोल्डरिंग गनसुद्धा आत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ईश्वरीचा फोन. "मनस्वी, हे तुझ्या घरचं मॅटर आहे. तू सॉल्व्ह कर." बरोबरच आहे तिचं, म्हणून जास्त राग आला. वर्षभर जाळ्यांत बोटं कापून घेतलीत तिने. हॉलवाले रोज विचारतात, काम कधी आणताय.

प्रसादकडे मात्र आयडिया! त्याच्याकडे नेहमी असते. "रेकॉर्डिंग दादासमोर पुसून टाक, बिनधास्त. त्याआधी मी आत्याच्या आवाजाचं एआय मॉडेल बनवतो. मग ती काहीही गाईल. पुसलं पण आणि राहिलं पण."

मी नाही म्हटलं नाही. इथे लिहिते कारण इथे कुणी वाचत नाही. नाही म्हटलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

प्रसादने नमुना पाठवला. कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून ऐकला.

आत्याचाच आवाज. तीच खरखर, तोच हेल. पण गात होती — 'ईश्वरी नवरी हलदीला बसली.' गंमत म्हणून नाव बदललं होतं त्याने! आत्याने हे नाव कधी घेतलंच नाही. आत्या मुकी बसली आहे खिडकीत, आणि तिच्या तोंडून कुणी भलतंच लग्न लावतंय. जेवण गेलं नाही. दादा त्या दिवशी धावत आत आला, तेव्हा त्याच्या पोटात काय झालं असेल ते मला आज कळलं.

फोन करून प्रसादला वाटेल ते बोलले. डिलीट कर म्हणाले. "अरे टेन्शन काय घेतेस, टेस्ट आहे फक्त," तो. मी फोन आपटला. सगळी कँटीन बघत होती. बघू दे.

१ डिसेंबर, सोमवार

आणखी एक स्थळ गेलं. जासईचं. मुलगा चांगला होता म्हणे, मला काय माहीत. आई भांडी आदळत होती.

"तुझं लगीन अर्धं राहिलंय ना, म्हणून!"

अर्धं म्हणजे? मी हसले. तर म्हणाली, पुतळाबायने तुझं नाव घेतलं, आणि तुम्ही तिला मध्येच उठवलंत. कुल्फी दिलीत! अगं, ती बाई धवला अर्धा सोडत नाही. एकदा एका लग्नात मानपानावरून दोन्हीकडचे उठले, खुर्च्या उडाल्या, नवरदेवाचा फेटा फाटला, कुणाचं डोकं फुटलं — आणि ही आपली मांडवात बसून गातेय! शेवटपर्यंत गायली. मगच पाणी मागितलं. अर्धा सोडला तर नवरी वाटेतच राहते, म्हणते ती.

मी हसत होते. मग थांबले.

त्या दिवशी ती कुठे थांबली होती? आईलाच विचारलं. "उंबऱ्यात. नवरी उंबऱ्यात उभी होती. मला दोनदा म्हणाली घरी जाताना — उंबऱ्यात उभी हाय गो वैनी, ती पोर."

अरे देवा.

म्हणजे रविवारी तिला धवला नको नव्हता. मी मध्येच तोडला म्हणून ती ओरडली. मे महिन्यात तोडला, रविवारी पुन्हा तोडला. आणि आमचा मांडव? माणूस हलला की आवाज तोडतो! दिवसातून शंभर वेळा तोडेल. सेन्सर मी लावला, कोड मी लिहिला, आणि कसा साफ तुटतो बघा म्हणून सगळ्यांना दाखवला!

२ डिसेंबर, मंगळवार

ईश्वरीशी भांडण. म्हटलं, सेन्सर काढते. गाणं सुरू झालं की शेवटपर्यंत जाणार, खाली कुणी असो नसो. ती म्हणाली, मग काम उरलंच काय? "माणूस गेला की आवाज जातो, हेच तर सांगायचंय मला!" माणूस गेलेला नाही, म्हटलं. खिडकीत बसलाय.

मग ती हळूच — "आणि शेवट? तो तर आपल्याकडे नाहीच आहे."

ते मलाही माहीत आहे! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

प्रसादने मॉडेल पुसलेलं नाही, असं बोलता बोलता कळलं. त्याचं म्हणणं, "शेवट मॉडेलकडून गाऊन घेऊ." त्याचं तोंड बघायची इच्छा नाही.

६ डिसेंबर, शनिवार

कळंबोलीला गेले, दादाच्या ट्रेलरच्या ऑफिसात. ड्रायव्हर येत-जात होते, तो पावत्या फाडत होता. मी सगळं सांगितलं. कुल्फी, उंबरा, सगळं. त्याने वर बघितलं नाही.

"गोष्टी नको सांगू. पुसनार का नाय?"

आणि मी म्हणाले, पुसते.

म्हणाले, पुसते दादा, पण आत्यासमोर. गाळा उघड, तिला मांडवाखाली आण, एकदा आहे तेवढा अखंड वाजवू दे. मग तिने नको म्हटलं तर तिथेच पुसते, तुझ्यासमोर, सगळ्या कॉप्या.

"ती नको कशी म्हननार? बोलते का ती?"

"त्या दिवशी बोललीच ना. स्पीकर फोडला."

तो हसला, नको असताना. मग डोळ्यांवरून हात फिरवला. म्हणाला, त्या संध्याकाळी मी मनात पेढे वाटले होते गो, गाळ्यात शिरेपर्यंत. पुढच्या शनिवारी सकाळी ये म्हणाला.

उचलली जीभ लावली टाळ्याला. काय करून बसले मी! तिने पुन्हा हात उडवला तर? उद्घाटन दुसऱ्या दिवशी. ईश्वरी मला जिवंत सोडणार नाही. आणि आवाज — आवाज गेला म्हणजे गेलाच.

७ डिसेंबर

ईश्वरीला सांगितलं. तिने फोन ठेवला. मग तासाभराने मेसेज — मी पण येते शनिवारी.

१० डिसेंबर, बुधवार

तिन्ही कॉप्या एका पिशवीत घातल्या. एखादी लपवावी असं दहादा वाटलं. पेन ड्राइव्ह आईच्या मसाल्याच्या डब्यामागे ठेवून बघितला. परत काढला. दिलेला शब्द असा हळदीच्या डब्यामागे ठेवता येत नाही.

प्रसाद आज घरी आला होता, लॅपटॉप घेऊन. माझ्यासमोर मॉडेल पुसलं, त्याच्याकडचं रेकॉर्डिंगही. "तू इतकी कधी भडकत नाहीस," म्हणाला. भडकते की! पण चहा दिला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

झोप नाही. उद्या.

१३ डिसेंबर, शनिवार

दादाने टाळा उघडला. आत्याला व्हीलचेअरवरून आणलं, आईने तिच्या केसांत अबोली माळली होती. आल्याआल्या मी उपटलेली वायर जोडली आणि सेन्सर काढून टाकला. दिवे लागले, धवला सुरू झाला, कुणी हललं नाही. गावदेव आले, उंबराची फांदी आली, हळद लागली. आत्याचा डावा हात माझ्या हातावर ठेका धरून. नवरी उंबऱ्यात आली — आणि कॉम्प्रेसरची घरघर, आणि प्रसादचं ते 'बस आत्या'.

दादाने पिशवीकडे बघितलं. मी पिशवी उचलायला वाकले, तर आत्याने माझा हात सोडला नाही.

"मनस्वी —"

आत्या! सूर लावून! 'मनस्वी नवरी', आणि पुढचं सगळं, जे आम्ही मे महिन्यात घेतलं नाही. बोलता न येणारी बाई गात होती. शब्द अडखळत, तोंड वाकडं, पण एकही ओळ गाळली नाही. दादा ओरडला, "मने, रेकॉर्ड कर ना गो! रेकॉर्ड कर!" पण माझा हात तिच्या हातात होता, आणि प्रसाद माइकपाशी असून रडत उभा होता.

नवरी घरात गेली. आत्या थांबली. दादा पुढे वाकला, आई बोल, बोल ना अजून काहीतरी. तिने तोंड उघडलं, 'आं' एवढंच आलं.

मग डाव्या हाताने खूण केली — पाणी.