बारीक कापडावरचा पोपट

मंगळवार, ३
आधी आलं खोकं, त्याच्यामागे ते उचलून आणणारा ऑफिसातला चष्मेवाला, आणि सगळ्यांत शेवटी नातीचे साहेब – रिकामे हात हलवत! नातीचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून ऑफिसच घरी. खोक्यात नवा स्क्रीन, म्हणे फार बारकाईचा. असेल! पण नातीचा प्रोग्रॅम – दवाखान्यातल्या नर्सबाईंनी औषधांच्या वेळा लिहायचा – त्यावर उघडला तर अक्षरं खसखशीएवढी. साहेब म्हणतात, "शुक्रवारपर्यंत नीट करा, नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो." आधी काचेला नाक न लावता वाचून दाखवा म्हणावं! चहात साखर मात्र तीन चमचे.

बुधवार, ४
नात जेवली नाही. तिनं सगळी अक्षरं दुप्पट करून बघितली, तर तिचा जुना स्क्रीन दोन ओळींतच भरला.

गुरुवार, ५
कळलं! शाळा माझी तिसरीपर्यंत, पण भरतकाम जन्मभर केलंय. नात म्हणाली, अक्षर म्हणजे ठिपके. अमुक इतके ठिपके उंच, असं लिहून ठेवलंय, आणि नव्या काचेत ठिपके बारीक, दाट. अगं, म्हणजे भरतकामाचं चौकोनी घरांचं मॅटीचं कापडच की! जाड मॅटीवर वीस घरं मोजून पोपट भरला, तीच वीस घरं बारीक मॅटीवर मोजली की त्याची चिमणी होते. माझ्या नणंदेनं उशीची नक्षी रुमालावर – ते राहू दे. आधी कापड बघावं, पोपट केवढा हवा ते ठरवावं, मग घरं मोजावीत.
"तेच करतेय आजी. पण चारशे ठिकाणी नुसते ठिपके लिहिलेत!"
"कोणत्या शहाण्यानं?"
"साहेबांनी. प्रोग्रॅमची सुरुवात त्यांचीच."
हसून हसून ठसका लागला मला.

शुक्रवार, ६
झालं! दोन्ही स्क्रीनवर अक्षरं सारखी. साहेब आणि चष्मेवाला बघायला आले. साहेब म्हणाले, "सोपंच होतं." सोपं! मी माझा टॅब्लेट पुढे केला – अक्षरं सगळ्यांत मोठी ठेवलेली. त्यावर उघडलं तर 'औषध दिलं' हे बटणच दिसेना, खाली काचेबाहेर गेलेलं! नातीचा चेहरा उतरला.
साहेब म्हणाले, "आजी, एवढी मोठी अक्षरं कोणी ठेवत नाही."
तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांनी निरोप वाचला – आणि मीही वाचला, इकडून, चष्म्याशिवाय! 'येताना डोळ्यांचे थेंब आणा.' एकेका ओळीत दोनच शब्द.
"कोणी म्हणजे कोण हो, साहेब?"
चष्मेवाला खिडकीकडे तोंड करून हसू लागला.

शनिवार, ७
काम नातीकडेच राहिलं. सोमवारी परत येतो म्हणाले – माझ्याकडे! माझ्या टॅब्लेटवर मला दिसल्याशिवाय एकही बटण पुढे जायचं नाही, असं साहेबांनीच सांगितलंय. साखर आणून ठेवायला हवी.