गायाच्या सात वह्या आणि फैलाकाचा नारळ

परवा शनिवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे आणि उद्या शत्रुघ्न मेस्त्री कायमचा गावी जातो आहे. पहिल्या कारणाने मी घाबरलेली नाही. दुसऱ्यामुळे मात्र हे आजच लिहिणं भाग आहे.

मी, कुमुदिनी अनंत केरकर, वय ६२, बी.ए. (पुणे, १९६१), निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार साल्मिया, कुवेत, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना (मला दडपणारा अजून जन्मायचा आहे) लिहून ठेवते :

१. कोल्हापूरचा फ्लॅट व ठेवी मुलगी विनिता हिच्या. फ्लॅट विकला तरी चालेल. पुस्तकं रद्दीत गेलेली चालणार नाहीत.

२. दीर सुरेश यांना माझं भिंग. मी ग्रीक देवांचा अभ्यास करते म्हणून दर सुट्टीत ते विचारत, "वहिनी, आपले तेहतीस कोटी संपले का?" संपले नाहीत, भाऊजी. पण १९९१च्या ऑक्टोबरात मी इथे परतले, तेव्हा तेलविहिरी अजून जळत होत्या. भर दुपारी दिवे लावून वर्ग घेतला. ग्रीकांनी निक्सला, म्हणजे रात्रीला, झाडून सगळ्या मोठ्या देवांच्या आधीची का मानलं, ते त्या दुपारी कळलं. वह्या तेव्हा सुरू झाल्या.

३. वह्या सात. आधी खाओस, म्हणजे नुसती पोकळी. मग गाया, ही भूमी. तिच्यातून उरानोस, हे आकाश. दर शुक्रवारी मी हे कोकणातल्या कामगार मंडळींना वाचून दाखवी. इथल्या राई भागातल्या फर्निचर वर्कशॉपचा सुतार शत्रुघ्न सर्वांत पुढे बसे.

डिसेंबर २००१मध्ये याच मंडळींतल्या रफीकभाईंनी आम्हाला बोटीने फैलाका बेटावर नेलं. तिथे ग्रीक देवळाचे अवशेष आहेत. शत्रुघ्नने चपला काढल्या, नारळ हातात धरला आणि जागेच्या धन्याला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. मी सर्वांदेखत नारळ हिसकावून घेतला. हे उत्खनन आहे, तुझी गावदेवी नव्हे, असं सुनावलं.

तो एवढंच म्हणाला, "बाई, जागा कोणाची तरी आसा. इचारल्याबिगर पाय कसो ठेवचो?"

पुढच्या शुक्रवारपासून तो आला नाही. मीही निरोप धाडला नाही.

गेल्या मंगळवारी शेवटचं प्रकरण तपासताना मी ताडकन उठून उभी राहिले. गाया ही भूमीवर राज्य करणारी देवता नव्हे, ती भूमीच! ग्रीक तिला साक्षी ठेवून शपथ घेत, अर्पण थेट मातीत ओतत. हे मीच माझ्या हाताने तिसऱ्या वहीत लिहिलं होतं. दहा वर्षं पुस्तकांत जे शोधलं, ते समोर घडत होतं आणि मी ते थांबवलं. चूक माझी.

४. म्हणून सातही वह्या, मी मरायची वाट न बघता, आजच शत्रुघ्नला. शेवटचं प्रकरण मी फाडलं आहे. कोऱ्या पानांवर त्याने आपलं गाऱ्हाणं आपल्या बोलीत लिहावं. शुद्धलेखन कोणी सुधारू नये. नंतर विनिताने ते छापावं. ती म्हणाली, "आई, हू विल रीड इट?" शुक्रवारची मंडळी वाचतील.

साक्षीदार : रफीक बदरुद्दीन परकार (सही), अदिबा इम्तियाज मुकादम (सही)
कुमुदिनी अनंत केरकर (सही)
साल्मिया, गुरुवार, १० ऑक्टोबर २००२

ताबा नोंद, त्याच दिवशी संध्याकाळी : वह्या सात. सुतारी पेन्सिल एक, तो विसरून गेलेली. फैलाकाचा नारळ एक, शेंडीसकट, दहा महिने माझ्या कपाटात. मी माफी मागितली. शत्रुघ्नने नारळ कानाशी धरून हलवला. आत वाळून सुटलेलं खोबरं वाजलं.

"गोटो झालो, बाई. आता नासाचो नाय."

मिळाले : शत्रुघ्न मेस्त्री (सही)