एकशे दहा व्होल्टचा खेळ आणि माझे घर

मी, उजव्या हाताने खाली सही करणारी, कोट शिवून संसार उभा केलेली विधवा बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून करते. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. पूर्वी एक मृत्युपत्र करून सर्व काही मुलाला दिले होते. ते आज रद्द करते. त्याची नक्कल मुलाच्या कपाटात आहे, ती माझे डोळे मिटेपर्यंत तिथेच राहू द्यावी. अधूनमधून काढून वाचायची त्याला सवय आहे.

एक. खाली शिवणकामाचे दुकान आणि वर दोन खोल्या असे माझे घर धाकट्या बहिणीला द्यावे. ती परदेशात असते. तिने ते खुशाल विकावे, पण माझ्या मुलाला किंवा सूनबाईला कोणत्याही किमतीला विकू नये.

याचे कारण लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी म्हातारीला भ्रम झाला म्हणायला नको.

अर्धांगवायूने माझा उजवा हात लुळा पडला. कात्री गळून पडायची. मुलगा म्हणाला, "आई, वृद्धाश्रमात तुझी नीट देखभाल होईल. दुकान भाड्याने देऊन टाकू." डॉक्टरांचे म्हणणे वेगळे होते. बोटांना काम द्या, हात सुधारला तर या आपल्या घरी एकट्या राहू शकतील, असे ते म्हणाले. हे ऐकून धाकटीने तिच्या मुलांचा जुना गेम कन्सोल पाठवला. बटणे दाबून घाटातून मालट्रक चालवायचा, असा खेळ. सोबत लोखंडी डब्यासारखा जड ट्रान्सफॉर्मर. तिने फोनवर मुलाला बजावले, "आमच्याकडे वीज एकशे दहा व्होल्टची, तुमच्याकडे दोनशे तीस. डबा मधे लावल्याशिवाय चालू करायचं नाही. थेट भिंतीत घातलंस तर जळून जाईल."

"कळलं गं मावशी," मुलगा म्हणाला. त्यानेच डबा जिन्याने वर आणला, कोणी चुकू नये म्हणून बाकीच्या सॉकेटांवर त्यानेच लाल टेप चिकटवली.

मी ट्रक दरीत घालत राहिले. पण अंगठा हलू लागला, मग त्याच्या शेजारचे बोट. सूनबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "म्हातारपणी काय हे पोरखेळ!" एके दिवशी मी कात्री उचलली आणि जाड लोकर सरळ रेषेत कापली. डॉक्टरांनी हात तपासायला बोलावले.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी आंघोळीला गेले होते. फट् असा आवाज झाला. बाहेर आले तो खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास, आणि मुलगा कन्सोलपाशी उभा. म्हणाला, "लाइट कमीजास्त झाली वाटतं."

कन्सोलची वायर थेट भिंतीत होती. त्याच्या चपट्या पिना आमच्याकडच्या गोल भोकांत जातच नाहीत. त्यासाठी अडॅप्टर लागतो, आणि तसला अडॅप्टर आमच्या घरात नव्हता. त्याने पिनांचा आकार जुळतो, व्होल्ट कमी होत नाहीत. म्हणजे कोणीतरी तो विकत आणला, लाल टेप सोलून काढली आणि बटण दाबले. मला त्या धक्क्याने रात्रभर झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे माझी बोटे थरथरली, कात्री पडली. एकटीने राहण्याचा विषय तिथेच संपला.

मी आरडाओरडा केला नाही. मुलाला म्हटले, "घर तुझ्या नावे लिहून देते, पण मला घरीच सांभाळ." तो लगेच कबूल झाला. पहिले मृत्युपत्र ते.

दोन. जळका कन्सोल मी गुपचूप गल्लीतल्या वायरमनकडे दिला. त्याने आतला पॉवर सप्लाय बदलून तो आपल्या विजेवर चालेल असा केला आणि स्वतःच्या दुकानात मागे ठेवला. व्यायामाला जाते सांगून मी तिथे बसते. घरी मात्र माझा हात लुळाच असतो, मला घास मुलानेच भरवावा लागतो. या वायरमनला माझी बँकेतली सर्व शिल्लक, टीव्ही आणि कात्र्या द्याव्यात. त्याची बायको कटिंग शिकते आहे. त्याला लाभ मिळणार म्हणून तो साक्षीदार होऊ शकत नाही, असे वकील म्हणाले.

तीन. मुलाला तो ट्रान्सफॉर्मर आणि वितळलेला अडॅप्टर द्यावा. दोन्ही माझ्या पलंगाखाली आहेत. सूनबाईला काही नाही.

चार. माझ्या मागे मुलाने चारचौघांत रडू नये. त्याला ते नीट जमत नाही.

हा मसुदा वाचताना वकिलांनी विचारले, "काकू, इतकी वर्षं तो तुमचं सगळं करतोय. एकदा विचार करा." म्हणून मी त्यांना हेही लिहायला सांगितले. मुलाला दुसऱ्या शहरात मोठ्या पदावर बढती आली होती. त्याने मला विचारले तेव्हा मी म्हटले, "जाऊ नकोस रे, हे सगळं तुझंच आहे." त्याने बढती नाकारली. गेल्या वर्षी मला भरवताना तो एकाएकी थांबला. म्हणाला, "आई, त्या मशीनचं... माझं चुकलं." मी ऐकू न आल्यासारखे केले आणि तोंड उघडले. त्याने पुढचा घास दिला. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

"हे तरी काढून टाकू का?" वकिलांनी विचारले.

मी म्हटले, "राहू द्या. त्याला कळू दे, मला ऐकू आलं होतं."

आज त्यानेच मला गाडीतून इथे आणले. जुन्या कागदावर एक शिक्का राहिलाय, असे त्याला सांगितले आहे. तो बाहेर बाकावर माझी चप्पल सांभाळत बसला आहे. सही झाली की तोच मला हाताला धरून जिना उतरवील.

सही: (स्वहस्ते)

साक्षीदार: १. मला तपासणारे डॉक्टर. २. वकिलांच्या कार्यालयातील टंकलेखिका. दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: वकिलांचे कार्यालय, पहिला मजला.
दिनांक: शिक्क्यावर आहे तोच.