डावा डोळा आणि रांगोळीचं पहिलं बक्षीस

३ ऑक्टोबर, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. वय ५९, प्रकृती उत्तम. चहाच्या डब्याचं झाकण सरोजच्या मदतीशिवाय उघडलं. म्हणजे आमवात गेला. मला हे गणपतीतच कळलेलं, तेव्हापासून गोळ्या बंद. सरोज रोज हातावर ठेवते, मी रोज बेसिनमध्ये सोडतो. सांगितलेलं नाही. बायकोला उगाच टेन्शन कशाला.

८ ऑक्टोबर
वल्लरीचा कोपरीहून फोन. संधिवाताच्या डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा तपासायला सांगितलेला, गेलात का बाबा. हात दुखतो म्हणून डोळा तपासायचा. उद्या गुडघ्यासाठी कान बघतील. पोरगी म्हणाली, जी प्रतिकारशक्ती सांध्यांवर उठते, ती डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांवरही उठू शकते. म्हटलं, माझी प्रतिकारशक्ती माझी आहे, ती असं करणार नाही.

१३ ऑक्टोबर
पेपरची छपाई फार बिघडलीय. मधल्या ओळींवर धूर. डावा डोळा मिटला की छपाई सुधारते. संपादकांना सविस्तर पत्र लिहिणार. उद्याच.

१५ ऑक्टोबर
पत्र राहिलं, कारण उजेड कमी. ट्यूब बदलली. नवी ट्यूबही तसलीच निघाली. हल्ली कशालाच क्वालिटी नाही.
आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीचा सेक्रेटरी सुदेश येऊन गेला. दिवाळीच्या रांगोळी स्पर्धेला परीक्षक व्हाल का म्हणाला. नजर हवी अशा कामाला माणसं मलाच शोधत येतात.

१९ ऑक्टोबर, रविवार
परीक्षण केलं. पहिलं बक्षीस २०३ च्या दारातल्या रांगोळीला. चौकोनी, करडी, एकही रंग नाही. धाडस लागतं. सुदेश कानाशी येऊन म्हणाला, काका, ते पायपुसणं आहे. परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो, असं शांतपणे सांगितलं. २०३ च्या शुभदाताई स्पर्धेत नव्हत्या, तरी स्टीलचा डबा घेऊन गेल्या. शेजारची संचिता मात्र रडत होती. तिने चार तास बसून मोर काढलेला. कुठेय मोर, विचारलं. मी त्याच्यावरच उभा होतो.

२१ ऑक्टोबर
आज सरोजने माझा उजवा डोळा तळव्याने झाकला आणि विचारलं, किती बोटं. चार, मी ठामपणे म्हणालो. ती म्हणाली, मी दुसरा हात वर केलेलाच नाही. ठाण्याला जायचं ठरलं. एकदाचं सिद्ध होऊन जाऊ दे.

२३ ऑक्टोबर
नेत्रतज्ज्ञांनी थेंब घातले, तासाभराने पडद्याचे फोटो काढले. म्हणाले, डाव्या पडद्यावर कापसाच्या बोळ्यांसारखे डाग आहेत. बारीक रक्तवाहिन्या सुजल्यात, काही बंद पडल्यात, तिथे रक्त पोचत नाही. उजवीकडेही सुरुवात दिसतेय. फोटो काढताना हात हलला असेल, मी सुचवलं. त्यांनी परत काढला. दुसऱ्यांदाही हलला असावा. मग म्हणाले, कापल्याशिवाय इतक्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात त्या फक्त डोळ्यातच. इथे सूज आहे, तर आणखी कुठे आहे का तेही बघावं लागेल. ॲडमिट व्हा. गोळ्या नियमित घेता ना, असंही विचारलं. सरोज म्हणाली, एकही चुकत नाही, मी हाताने देते.
मी पंख्याकडे बघत होतो.

२५ ऑक्टोबर, हॉस्पिटल
उजव्या हाताला सलाईन, त्यातून औषध चालू. मी सांगतोय, सरोज लिहितेय. सुधारणा झपाट्याने. लिही, गोळ्या एखाददुसऱ्या वेळी राहून गेल्या असतील.

मागची पानं वाचली मी. गणपतीपासून गोळ्या बंद, तेही. हे सरोज लिहितेय, सांगितलेलं नाही, माझं मी. डाव्या डोळ्यातलं किती परत येईल ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. उजवा वाचवू म्हणाले. यांना विचारलं, मला एकदा सांगायचंत तरी. म्हणाले, बरा झालोय असं वाटायला फार छान वाटायचं गं. जरा वेळाने म्हणाले, पुढे लिही, काळजीचं कारण नाही. मी लिहिलं नाही. लिहिलंस का, विचारलं. हो म्हटलं. सकाळी परत दोन्ही डोळ्यांत थेंब घातलेत, जवळचं सगळं धूसर, तरी यांनी डाव्या हाताने वही घेऊन नाकापर्यंत नेली. उलटी धरलेली. नीट बघितली आणि म्हणाले, अक्षर सुरेख आहे तुझं, एकेक शब्द स्पष्ट दिसतोय.