गहू शुक्रवारी, पाद्री शनिवारी

चि. यासेन यास रादोयमामाचे अनेक आशीर्वाद. सोफियात तू खुशाल असशील, सूनबाईची पाठ आता बरी असेल. माझं विचारू नकोस. रक्तदाब चढलाय, चेऱ्या किडीनं खाल्ल्या, आणि वाचनालयातला संगणक (तूच ‘फुकट आणि दणकट’ म्हणून त्यात लिनक्स घालून दिलंस) माझ्या जिवावर उठलाय.

गावात कुणी गेलं की फाटकावर लावायचं शोकपत्रक मीच छापतो, हे तुला ठाऊक आहे. वसंतात दिमो सुताराचं छापलं तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! शेजारची त्सोना म्हणाली, “मास्तर, गेलं कोण ते आता आम्हीच ओळखायचं का?” म्हणून तुला फोन केला. तू म्हणालास, “मामा, आधी भाषा इंग्रजी कर, मग बघू.” केली. प्रश्नचिन्हं गेली; पण तुझी मीटिंग सुरू झाली आणि इंग्रजी तशीच राहिली. पुन्हा बल्गेरियन करायला जावं तर यंत्र म्हणतं, असलं लोकेल, म्हणजे भाषेची मांडणी, इथं नाही. अरे, सारा जन्म ज्या भाषेत पोरांना गाणी शिकवली, ती म्हणे इथं नाही!

खरा घात पुढे झाला. तुझ्या आईला, दाफिनाला, जाऊन सहा महिने झाले, त्या प्रार्थनेचं पत्रक करायला मी यंत्रातलंच कॅलेंडर उघडलं. आपला आठवडा सोमवारी सुरू होतो, तेव्हा सहावं घर शनिवारचं, हे मला झोपेतही कळतं. इंग्रजीतला रविवारी सुरू होतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं (वरची बारीक अक्षरं वाचायची होती म्हणे, कोण वाचतं?). चौदा सहाव्या घरात दिसली, म्हणून मी छापलं, ‘शनिवार, चौदा तारीख’. चौदाला होता शुक्रवार.

झालं! अर्धं गाव तारखेवर विसंबून शुक्रवारी दफनभूमीत आलं. त्सोनानं गेलेल्याच्या नावानं वाटायचे गोड गहू उकडून आणले, वाइन आली, मेणबत्त्या आल्या, पाद्रीबाबांचा पत्ता नाही. वाट बघून गहू खाऊन टाकले. बाबा वार बघणारे. ते शनिवारी उगवले. तेव्हा गव्हाचा दाणा नाही, आणि गव्हावाचून प्रार्थना कशी म्हणणार? “रादोय, तुझ्या बहिणीला ताटकळत ठेवलंस रे,” एवढंच बोलून ते परत गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाफिना आयुष्यात कधी कुठं उशिरा पोचली नव्हती.

आता येत्या शनिवारी सगळं नव्यानं. तू येऊन तेवढं यंत्र नीट करून जा. मला जमत नाही. मी हरलो.

तुझा,
रादोयमामा

ता. क. त्सोना म्हणते, पोराला उगाच टोचू नका. टोचत नाही. पण शुक्रवारचे लोक शुक्रवारी आले, शनिवारचे शनिवारी. तू कुठल्याच दिवशी आला नाहीस.

पुन्हा ता. क. यंत्र मी मंगळवारीच दुरुस्त केलं. भाषांच्या यादीत बल्गेरियनच्या ओळीआधी ती बंद ठेवणारी एक खूण होती, तेवढी काढायची होती. नवं पत्रकही छापून ठेवलंय, वार आणि तारीख पाद्रीबाबांकडून तपासून. फक्त फाटकावर लावलेलं नाही. आईचं पत्रक मुलानं लावायचं असतं. खिळे माझ्याकडे आहेत.