भ ला काना, ऊ दीर्घ

चि. मेहुणेबुवा यांस,

अनेक आशीर्वाद. ("चिरंजीव" आणि "बुवा" एका ओळीत शोभत नाहीत हे मला कळतं. तुझ्या बाबतीत दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही ठेवलं.) आम्ही इकडे ठीक आहोत. तुझ्या खोकल्याची चौकशी करायला तुझ्या ताईने, म्हणजे आमच्या हिने, सांगितलं होतं, ती केली असं समज. तुझ्या बायकोला नमस्कार. ती अजून तुझ्याबरोबर राहते याबद्दल तिला आणखी एक नमस्कार, वेगळा. पत्राच्या आरंभी विनंती विशेष लिहायची रीत आहे. त्यातलं विशेष आधी लिहितो. विनंती शेवटी, जागा उरली तर.

विशेष असं की गेम बसला आहे. बसला हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. संगणकवाला दुकानदार क्रॅश म्हणतो. पण क्रॅश व्हायचं ते विमानाने. त्यात आवाज असतो, धूर असतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. इथे तसं काही नाही. बोटीच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की पडदा काळा होतो, नदीचं पाणी क्षणभर दिसतं, भोंगा वाजायला घेतो आणि अर्ध्यावर गप्प होतो. मग बोट नाही, नदी नाही, फक्त ताईने पडद्यावर लावलेलं मणक्याचं चित्र. आवाज बसतो, भिंत बसते, धंदा बसतो, तसा हा बसतो.

तू सध्या माझ्या जागी कोळसा टाकतो आहेस, त्यामुळे खेळ तुला माहीत आहे. तरी बदली माणसाला मूळ जागा कोणाची हे लेखी दिलेलं बरं, म्हणून लिहितो. बोट एक, माणसं दोन. वरचा सुकाणू धरतो, त्याला नदी दिसते. खालचा भट्टीत कोळसा टाकतो, त्याला भट्टी दिसते. आणखी काही दिसत नाही. सुकाणू आमच्या लेकीकडे, फावडं माझ्याकडे. खालचा आंधळा असल्यामुळे वरच्याला सारखं बोलत राहावं लागतं. भाऊ (लेकही मला भाऊच म्हणते), पुढे खडक आहे, थांबा. भाऊ, सरळ लागलं, टाका आता. एरवी फोनवर आमचं संभाषण असं असतं: जेवलात का, जेवलो, तू जेवलीस का, जेवले, बरं. रविवारी बोटीवर मात्र दोन खडकांच्या मधल्या सरळ पाण्यात तिची घरमालकीण येते, तिची पाणी तपासायची प्रयोगशाळा येते, साहेब येतो, दुखरी दाढ येते. हे सगळं मला सांगायचं असं तिने ठरवलेलं नसतं. गप्प बसली तर बोट फुटेल, एवढंच. मुलगी इतक्या लांब गेल्यावर बापाशी बोलायला तिला नदीची भीती घालावी लागते, पण बोलते.

आता गेले कित्येक रविवार मी मणक्याच्या चित्रासमोर बसून आहे आणि भट्टीत तू आहेस. मागच्या रविवारी तिने सांगितलं की ती नोकरी सोडते आहे. तुला सांगितलं. मला ते घरच्या ग्रुपवर कळलं, "बॉयलर रूमची ताजी, खबर" या मथळ्याखाली, तीन हसऱ्या चेहऱ्यांसह. खाली मी अंगठा टाकला. तो अंगठा टाकायला मला केवढा वेळ लागला ते ताईला विचार. (मथळ्यात "ताजी" आणि "खबर" यांच्यामध्ये तू स्वल्पविराम दिला होतास. का?)

दुरुस्तीची हकिगत आता सांगतो. आमचा संगणक ताईच्या उपचारांच्या खोलीत, कापडी पडद्याच्या अलीकडे आहे. पलीकडे टेबलावर तिचे रुग्ण झोपलेले असतात. ताई लोकांचे सांधे हलवते, आणि माणसांना ती अवयवाने ओळखते: सकाळचा खांदा, दुपारची कंबर, आणि गुडघा, जो कधीही येतो. पडद्यामुळे दिसत काही नाही, पण ऐकू सगळं जातं, आणि उताण्या माणसाला सल्ला देण्याशिवाय दुसरं काम नसतं. गुडघा म्हणाला, "अहो, ड्रायव्हर जुना झाला असेल. ड्रायव्हर बदला." मी जागेवरून उठलो. म्हटलं, ड्रायव्हर माझी मुलगी आहे, अजून एकदाही बोट घासलेली नाही तिने, आणि तुम्ही आधी स्वतःचा पाय सरळ करा. पलीकडून ताईचा आवाज आला, "अहो, तो संगणकाच्या ड्रायव्हरबद्दल बोलतोय. आणि तुम्ही हलू नका हो, आता कुठे गुडघा सुटत होता." ते ड्रायव्हर मी बदलले. गेम बसला.

मग खेळ बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं. मराठीत लिहिलं, आणि आश्चर्य म्हणजे उत्तर मराठीत आलं. म्हणजे शब्द मराठी होते. कोणा यंत्राने ते एकापुढे एक ठेवले होते. पहिली सूचना: "आपल्या आगीच्या भिंतीला परवानगी विचारा." मी भट्टीवाला, मला हे पटण्यासारखं वाटलं, पण खेळ उघडल्याशिवाय भट्टीपर्यंत जायचं कसं? दुसरी सूचना: "प्रशासक म्हणून पळा." हे मी ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पळू नका. तुमचे गुडघे मग मलाच बघावे लागतील, आणि तुम्ही फुकट याल." मी उत्तराची छपाई काढली, लाल शाईने तपासली आणि फोटो काढून कंपनीला परत पाठवली. सत्तावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, हात गप्प राहत नाही. कंपनीचं दुसरं उत्तर आलं: "आपल्या सुंदर चित्राबद्दल आभार. आपली समस्या सोडवली गेली आहे काय?"

दुकानदार येऊन गेला. त्याने संगणकाचं पोट उघडलं, त्यात फुंकर मारली, उडालेली धूळ मला दाखवली (जणू मी ती आत साठवून ठेवली होती), आणि म्हणाला, गरम होतो. ताईने पडद्याआडून विचारलं, कोण, हे का? तो हो म्हणाला. पंखा बदलला. गेम थंडपणे बसला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. गेम बसताना एक लहानशी चौकट दाखवतो. त्यात लांबलचक पत्ता असतो, हा कप्पा, त्यातला तो कप्पा, आणि जिथे माझं नाव असायला हवं तिथे तीन प्रश्नचिन्हं. ही चौकट मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो, आणि तिच्याबद्दल माझं मत चांगलं होतं. आमच्या धंद्यात समासातल्या प्रश्नचिन्हाला अर्थ असतो: लेखकमहाशय, आपल्याला खरंच हेच म्हणायचं आहे का? मला वाटलं, कंपनीत कोणीतरी जुना जाणता माणूस आहे आणि तो सभ्यपणे शंका विचारतो आहे. मी सभ्यपणे उत्तर पाठवलं: "होय, हेच म्हणायचं आहे. भ ला काना, ऊ दीर्घ. जसंच्या तसं ठेवावं." कंपनीने माझ्या सुंदर चित्राबद्दल पुन्हा आभार मानले.

शेवटी ताईच वैतागली. कंबर आली नव्हती, तिला वेळ होता. म्हणाली, सरका. तिने त्याच संगणकावरचं आपलं खातं उघडलं. त्याला तिने घाईत इंग्रजी एक अक्षर ठोकून दिलेलं आहे, नावसुद्धा धड नाही. टिचकी मारली. भोंगा पूर्ण वाजला. नदी आली, बोट आली, भट्टी पेटली. ताईने दोन फावडी कोळसा टाकला, म्हणाली, "ह्या चित्रातला माणूस कमरेतून वाकतोय, चुकीचं आहे," आणि उठली. जाता जाता म्हणाली, "खेळ चांगला आहे की. तुमच्या नावाला अडतोय तो."

मी पुन्हा माझं खातं उघडलं आणि प्रश्नचिन्हांकडे पाहिलं. भ. काना. ऊ. एकेकाला एकेक. शंका कोणी विचारतच नव्हतं. त्याला देवनागरी वाचता येत नाही. आणि वाचता येत नाही असं न सांगता तो सरळ खाली बसतो. आमच्या छापखान्यात खिळे जुळवणारा एक जुळारी असा होता. अक्षर लागलं नाही की पोट धरून बसायचा. त्याला निदान घरी पाठवता यायचं.

मेहुणेबुवा, आता तुझा भाग. जुन्या संगणकावर लेकीने माझं खातं इंग्रजी अक्षरांत उघडून दिलं होतं. बोटीवर कोणी चढलं की खेळातली एक बाई नाव पुकारते. ती अक्षरं वाचून ती भाऊ न म्हणता भौ म्हणायची. लेक हसली नाही. मीही कान बंद ठेवले. तू एका रविवारी आमच्याकडे चहाला आलास, ऐकलंस, आणि त्या दिवसापासून ग्रुपवर माझ्या प्रत्येक निरोपाखाली "भौ भौ" लिहितोस. आयुष्यभर भावोजी म्हणणारा तू, भौजी म्हणायला लागलास. माझ्या वाढदिवसाला हाडाचा फोटो पाठवलास. म्हणून नवा संगणक आला तेव्हा खातं मी स्वतः उघडलं आणि नाव नीट लिहिलं. जन्मभर दुसऱ्यांची नावं शुद्ध केली, एकदा स्वतःचं केलं. म्हणजे हिशेब असा: भुंकलास तू, नाव सुधारलं मी, बसला गेम, आणि भट्टीत कोण? तू.

तर मी ठरवलं आहे. नाव बदलणार नाही. ज्या बोटीला तिचा भट्टीवाला वाचता येत नाही, त्या बोटीवर चढण्यात मला रस नाही. ताईच्या अक्षराने चढू म्हटलं, तर लेकीला वाटेल आई आली, आणि आईशी ती फक्त पाठीबद्दल बोलते. नको. काही गोष्टी माणसाने धरून ठेवायच्या असतात. माझ्याकडे एक काना आणि एक दीर्घ ऊ आहे. तेवढं मी सोडणार नाही, हे तू लेकीला सांगितलंस तरी चालेल.

कळावं म्हणून लिहिलं. न कळल्यास ताईला विचारावं. लोभ पूर्वीइतकाच आहे, तू वाढवायला जाऊ नकोस.

तुझा,
भाऊ

ता. क. वरचं पत्र काल लिहिलं. आज सकाळी नाव बदललं. नवं खातं, इंग्रजी अक्षरं, लेकीने लिहून दिली होती तीच. भोंगा पूर्ण वाजला. मग त्या बाईने एवढ्या मोठ्याने "भौ" केलं, की पडद्याआडचा गुडघा ताडकन उठून बसला आणि म्हणाला, "कुत्रं कुठून आलं आत?" ताई म्हणते, महिन्यात पहिल्यांदा तो पाय पुरता वाकला. ती म्हणते, रोज लावत जा.

ता. क. २. विनंती. परवा रविवार आहे. गेम सुरू झाल्याचं मी लेकीला अजून सांगितलेलं नाही, कारण ती म्हणते, मामा कोळसा छान टाकतो. मी आलो म्हटलं तर ती आपल्या दोघांच्या पाळ्या लावेल. ती तशी न्यायी आहे, ताईवर गेली आहे. मला पाळी नको आहे. तेव्हा परवा सकाळी तू तिला कळव की तुझा गेम बसला. भोंगा अर्ध्यावर गप्प होतो, असं सांग. ते मला फार चांगलं वर्णन करता आलं आहे, वरून उतरून घे.

ता. क. ३. तुला खोटं बोलता येत नाही, तू मध्येच हसतोस, हे आठवलं. म्हणून खरंच बसव. संगणकावर नवं खातं उघड आणि नाव देवनागरीत लिही: मामा. म ला काना, पुन्हा म ला काना. टिचकी मार. चार प्रश्नचिन्हं येतील. तिला तीन म्हणू नकोस, ती मोजते. (मामाऐवजी दुसरं काही लिहिलंस आणि ऱ्हस्वदीर्घ चुकलं, तरी चालेल. शुद्ध काय, अशुद्ध काय, तो सारखाच बसतो. हे वाक्य माझ्या हातून लिहिलं गेलं याची तू कुठे वाच्यता करू नकोस.)

ता. क. ४. ती नोकरी का सोडते आहे हे तुला माहीत असेल. मला कळवू नकोस. परवा खडकानंतर लांबच्या लांब सरळ पाणी आहे.

तुझा,
भौ