डाव्या दाराची चव

ज्येष्ठ साडूसाहेब आणि त्यांचे नाक, उभयतांस साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व ठीक. ताईंचा गुडघा कसा आहे ते कळवावे. आपल्या नाकाची प्रकृती विचारत नाही, कारण ती उत्तम असल्याचं मला माझ्याच घरात सकाळ-संध्याकाळ ऐकायला मिळतं. (‘भावोजींना कसं बरं कळतं’ हे वाक्य आमच्या हिच्या तोंडी इतकं बसलंय, की परवा दूध नासलं तेव्हा तिने पातेलं माझ्या नाकाखाली धरलं आणि लगेच काढून घेतलं. म्हणाली, जाऊ दे, तुम्हांला नाही कळायचं.) मी मनात ठेवणारा माणूस नाही, तेव्हा सरळच लिहितो. मी तुमच्यावर जळतो. गेली चार वर्षं, महिन्यातल्या एका रविवारी, तुमच्याच जेवणाच्या टेबलाशी बसून हसतमुखाने जळतो.

मी वाइनच्या बाटल्या भरण्याच्या कारखान्यात लेबल खात्यात आहे, एवढं तुम्हांला ठाऊक आहे. मी लेबलं चिकटवतो असा तुमचा समज आहे आणि तो मी कधी मोडला नाही, ही माझी चूक. मी ती लिहितो. बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरात जो मजकूर असतो ना, तो माझा. वाइन चाखणारे साहेब वरच्या मजल्यावर बसतात. त्यांच्याकडून खाली चिठ्ठी येते, ‘आंबट. चालेल.’ फारच खूश असले तर ‘बरी.’ त्यावरून मी चार ओळी रचायच्या. आता द्राक्षं टेकडीच्या उन्हाकडची की सावलीतली, माती चुनखडीची की चिकण, सालं रसात चार दिवस राहिली की चौदा, पिंपाचं लाकूड नवं की जुनं, या सगळ्याने चव बदलते हे मला तोंडपाठ आहे. फक्त जिभेला त्यातलं काही उमगत नाही. मला पांढरी आंबट लागते आणि लाल जास्त आंबट. म्हणून मी समोर दिसेल ते लिहितो. ‘तासलेल्या शिसपेन्सिलीचा गंध’ तुम्ही गेल्या वर्षी डोळे मिटून ओळखलात ना? मी तेव्हा पेन्सिल तासत होतो. ‘मुरलेल्या चामड्याची ऊब’ म्हणजे माझी ऑफिसातली चप्पल.

तुमची पद्धतही मी पाहून ठेवली आहे. आधी बाटली फडक्याने पुसायची (विशेषतः पाठीकडून, आणि चष्मा लावून). मग ग्लास गोल फिरवून नाक आत, डोळे बंद, आणि बाहेर माझी ओळ, शब्दाला शब्द. आणि माझी ही तुमच्याकडे भान हरपून बघत राहते. शब्द माझे, बायको माझी आणि कौतुक तुमचं.

म्हणून गेल्या रविवारी सापळा लावला. कुणाच्याही जिभेला बापजन्मी सापडणार नाही असं काहीतरी हवं होतं. मनात पहिलं आलं ते एकाच लेबलावर छापून घेतलं, बाटलीला चिकटवलं आणि बाटली घेऊन तुमच्याकडे आलो: ‘नुकत्याच रंगवलेल्या कपाटाच्या डाव्या दाराची चव.’ (लग्नानंतर आम्ही जी पहिली भाड्याची खोली घेतली, तिच्यात असं एक कपाट होतं. उजवं दार आधीच निखळून गेलेलं. डाव्याला मी निळा रंग दिला, आणि तो वाळायच्या आत ही त्याला टेकून उभी राहिली ती बाहीसकट चिकटली. तासभर सुटली नाही. म्हणजे आम्ही फारशी घाई केली नाही.)

तुम्ही बाटली पुसलीत. नाक आत घातलंत. आणि म्हणालात, रंग लागतोय, ताजा. कपाट. डावं दार. मी हसायला तोंड उघडणार, तोवर ताईंनाही तो रंग लागला, शिवाय बिजागरीचं तेलही लागलं. मी घोट घेतला, आणि खोटं कशाला सांगू, मलाही लागला. हिने मात्र हळूच विचारलं, “भावोजी, डावंच कशावरून?”

“उजव्या दाराला ही खोली नसते,” तुम्ही म्हणालात.

अर्ध्या ग्लासापुढे कधी न जाणाऱ्या माझ्या बायकोने दुसरा ग्लास मागून घेतला, आणि तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले. साडूसाहेब, पेन्सिल घ्या, चप्पल घ्या. ते दार माझं होतं. मला तेव्हापासून घास गोड लागत नाही.

कळावे, लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नये.

आपला धाकटा साडू

ता. क. : आता कामाचं. पुढच्या महिन्यातल्या आपल्या रविवारी आपणांस कृपया सर्दी व्हावी. चांगली नाक चोंदणारी. मग ही मला विचारेल, आणि मी सांगेन. माझं पाठ आहे.

दुसरा ता. क. : हे पत्र हिच्या दृष्टीस पडू देऊ नये. (पाकिटावरचा पत्ता तिच्याकडूनच लिहून घेतोय, कारण माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही. पण पाकीट चिकटवूनच देणार आहे.)

तिसरा ता. क. : भावोजी, ही मी. पाकीट धड चिकटलेलं नव्हतं. लेबलखात्यातला माणूस, पण घरात यांचा हात तसाच. तुम्ही सर्दी आणू नका. लेबलांचे कच्चे मजकूर हे माझ्या सामानाच्या यादीमागे लिहितात आणि यादी तिथेच विसरतात, त्यामुळे चार वर्षं मी ते तुमच्या आधी वाचतेय. तुमच्या तोंडून ऐकते, कारण यांनी स्वतः होऊन एक ओळ कधी वाचून दाखवली नाही. रविवारी बाटली यांच्या हातात द्या, चष्मा मी आणते. आणि उजवं दार नव्हतंच हो तिथे. खोली होती, पण ती आमची होती.